शेपूट च्यू काकांना चिकटलं

१२ ऑगस्ट
सापडलं! जगात फक्त मला माहितीये.
आईच्या नाश्त्याच्या दुकानात ऑनलाइन ऑर्डरी येतात, त्याचं मशीन मीच लावलंय. पुढे प्रॉक्सी, म्हणजे दारावरचा वॉचमन. मागे सर्व्हर. एक ऑर्डर कुठे संपते नि दुसरी कुठे सुरू होते, यावर दोघांचं एकमतच नाही! मुद्दाम वाकडी करून पाठवली, की वॉचमनला ती एक वाटते, आतल्याला दीड. उरलेलं शेपूट पुढच्या गिऱ्हाइकाला चिकटतं.
आईशी ठरलंय. शाळा सुरू व्हायच्या आत प्रॉक्सीवाल्या कंपनीने हा दोष नवा शोध म्हणून मानला, तर मी घरी. नाहीतर मुकाट रात्रशाळा. तिथे पहिल्याच दिवशी उभं करून नाव सांगायला लावतात. आधीची शाळा त्यापायीच सोडली.
उद्या सकाळी रिपोर्ट पाठवतो.

१३ ऑगस्ट
पाठवला नाही. आधी टोपणनाव हवं. तैपेईच्या हॅकर परिषदेत तेच पडद्यावर दिसणार. 'काळा बिबट्या' कुणीतरी घेतलंय.
मशीनवरचं कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट बदललं. हिरवं ठेवलं की मशीन शहाण्यासारखं वागतं, हे इथे तैवानात बँकवालेसुद्धा मानतात. पण तारीख उलटलेलं ठेवलं तर बिथरतं. त्यात मी फार कडक. जुनं आईकडे दिलं.
बाकी मशीनला लावल्यापासून हात लावलेला नाही. चालत्या मशीनला फक्त अडाणी लोक हात लावतात.

१६ ऑगस्ट, सकाळ
पुरावा हवा म्हणून चाचणी घेतली. शेपटात वीस प्लेट मुळ्याच्या वड्या. दुकान रिकामं बघून पाठवलं. पुढची ऑर्डर मीच टाकणार होतो.
तेवढ्यात टॅक्सीवाल्या च्यू काकांनी रस्त्यातूनच एक सोया दूध मागवलं. शेपूट त्यांना चिकटलं. आई तळत सुटली.
काका आले नि बघतच राहिले. म्हणाले, "वहिनी, मी टॅक्सी चालवतो, बस नाही!"
आई म्हणाली, "तुमचंच नाव आलंय, हे बघा!"
मी फ्रिजमागे होतो. चाचणी पूर्ण यशस्वी.

दुपार
आईने फ्रिजमागे बघितलं. वड्या मी संपवायच्या असं ठरलं. संशोधनात हे आलंच.

२० ऑगस्ट
रिपोर्टच्या फॉर्मात फोन नंबर मागितलाय. म्हणजे फोन करणार! घाई नको.
अजून वड्याच.

२५ ऑगस्ट
आईने विचारलं, "पाठवलास?" म्हटलं, पॉलिश करतोय. ती म्हणाली, "बुटांना कर. शाळेत लागतील."
फॉर्ममध्ये दुकानाचा नंबर टाकला. आई बोलेल. पाठवला!

२६ ऑगस्ट
मेल बघितला. परत बघितला. फोन वाजला, टेबलाखाली गेलो. च्यू काका होते. आईला म्हणाले, "एकच दूध, बरं का. ऑनलाइन नको, तोंडी सांगतोय. त्या पोराला मशीनपासून लांब बसव."
परिषदेच्या भाषणाची तयारी आरशासमोर केली. आरसा फार रोखून बघतो. त्याच्याकडे पाठ करून बोललो. छान झालं.

२९ ऑगस्ट
उत्तर आलं! एकदम नम्र. म्हणतात, हा दोष दोन वर्षांपूर्वीच कुणीतरी कळवला नि आम्ही तो काढला. तुमची प्रॉक्सी त्याआधीची आहे, कृपया अपडेट करा.
म्हणजे माझा शोध बरोबरच होता. जगाने जरा घाई केली.
आईला तसं समजावलं. ती म्हणाली, "पाकिटाची तारीख बघतोस, मग मशीनची कोण बघणार? च्यू काका?"

१ सप्टेंबर, संध्याकाळ
अपडेट केलं. आता शेपूट चिकटत नाही. जरा वाईट वाटलं.
च्यू काकांच्या टॅक्सीतून रात्रशाळेला चाललोय. आईनेच बसवलं, पळून जाऊ नये म्हणून. काका म्हणतात, "घाबरतोस काय? तुझ्या नावाला काय वीस प्लेट वड्या चिकटल्यात?"
निघताना आईने दप्तरात हिरवं पाकीट घातलं. म्हणाली, "मशीन शहाणं होतं, तर तू का नाही होणार?" धीर आला. उभं राहायचं, नाव सांगायचं, बसायचं. सोपंय.
शाळेचं फाटक दिसलं. पाकीट उलटं करून बघितलं.
जुलै. मशीनवरून काढलेलं तेच.