उजेडाच्या कपाटाविषयी साळुआक्काला

वारूळवाडी, ता. जुन्नर
१२ फेब्रुवारी २००३

तीर्थस्वरूप साळुआक्कास, धाकट्या रखमाजीचा दंडवत. तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्या डिंभ्याची एसटी मनात येईल तेव्हा येते, त्यामुळे पत्र कधी पोचेल ते सांगता येत नाही. पोचलं की दार लावून वाच. (पोस्टमनचा भरवसा नाही, म्हणून पाकीट दोनदा चिकटवलंय.)

माझ्या अंगावरचे खवल्यांचे चट्टे तुला माहीतच आहेत. तीस वर्षं गावच्या पंगतीत बुंदी मी वाढली. आता मी परात घेऊन आलो की लोक ताटावर हात आडवा धरतात. फार लागलं गं ते मला. मग आमच्या पोराने, सुदर्शनने मला नारायणगावला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे इंजेक्शन नाही, मलम नाही, नुसतं एक उभं कपाट! आत चहूबाजूंनी ट्यूबलाइट. कपडे काढून, काळा चष्मा लावून आत उभं राहायचं आणि अर्ध्या मिनिटात बाहेर. (आपल्याकडे अर्ध्या मिनिटात फक्त लाइट जाते.) चष्मा डोळे जपायला म्हणे, मला वाटतं, आत काय करतात ते आपल्याला दिसू नये म्हणून. डॉक्टर सांगतो, अंगाची राखण करणारे शिपाई चवताळून आपल्याच कातडीवर धावून जातात, ते या उजेडाने शांत होतात. माझेच शिपाई माझ्यावर? एवढं तर आपल्या भावकीलाही जमलं नाही.

बरं, आठवड्याला दोन हेलपाटे. उजेडच घ्यायचा तर घरी काय कमी आहे? सुदर्शनच्या पोल्ट्रीत पिलांना ऊब द्यायला मोठाले बल्ब लावलेले असतात. मी उघड्या अंगाने, वेल्डिंगचा चष्मा लावून पिलांत जाऊन बसलो. अर्ध्या मिनिटाऐवजी चांगले दोन तास. (हात आखडता कशाला घ्यायचा?) पिलांना वाटलं नवीन खाद्य आलं, पन्नासेक पिलं माझ्या पाठीचे खवले टिपायला लागली. मी ओरडलो तशी तुझी भावजय धावत आली. "आवं, काय चाललंय ह्ये? पिलं मरतील ना भिऊन!" माझी चौकशी नाही. पाठ लालभडक झाली. डॉक्टर हसून म्हणाला, बल्बात नुसती ऊब, आमचा उजेड वेगळा. म्हटलं, दाखवा कसा वेगळा, तर म्हणे तो डोळ्यांना दिसतच नाही. न दिसणारा उजेड! तेव्हाच मी ओळखलं, यात काहीतरी गोम आहे. मी काही असा तसा फसणारा नाही.

दाजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
रखमाजी

ता. क. उद्या माझी सतरावी खेप. एकही चुकवलेली नाही. डावं कोपर साफ झालंय, पण कुणाला बोलू नकोस.

आणखी ता. क. वैशाखात तुझ्या नातीचं, श्रेयाचं लग्न आहे. बुंदीची परात मला दे. हा रोग शिवल्याने लागत नाही, असं डॉक्टरकडून सहीशिक्क्यानिशी लिहून घेतलंय. चिठ्ठी सोबत आहे, पण ती दाखवून उपयोग नाही, लोक कागदाला विचारत नाहीत. बायकांची पंगत शेवटी असते, ते मला ठाऊक आहे. तरी या वेळी तू पहिल्या पंगतीला बस आणि मी वाढलेलं सगळ्यांदेखत खा.