सबरीन फरशी घासते

अखमीम, इजिप्त, ४ ऑक्टोबर
महरूसशी लग्न होऊन आठवडा झाला, त्याची लेक सबरीन माझ्या हातचं खात नाही. आज मसुराचं सार केलं. वास घेतला, वाडगा सरकवला, आजीच्या ताटातला कोरडा पाव उचलला. बारा वर्षांची पोर. ‘विष नाही गं घातलं,’ मी हसत म्हटलं. तिने दचकून आजीकडे पाहिलं. असली थट्टा करायला नको होती.

९ ऑक्टोबर
आता कळलं. दुपारी सासूबाई मोलोखियाच्या भाजीची पानं खुडत बसतात आणि नातीला गोष्ट सांगतात. रोज तीच. आई मेलेली मुलगी. सावत्र आई तिला चुलीच्या राखेत निजवते, दिवसभर राबवते. मुलगी रडत नाही, चकार शब्द काढत नाही, म्हणून सुलतानाचा मुलगा तिलाच निवडतो. मी दारात उभी होते तरी थांबल्या नाहीत. ‘बस की सूनबाई, तूही ऐक.’

महरूसला सांगितलं. ‘गोष्टच आहे ना? आईने मलाही सांगितली होती. माझं काय बिघडलं?’ — आणि मायक्रोबस काढून सोहाग शहराच्या फेरीला गेला.

२ नोव्हेंबर
सकाळी उठले तर सबरीन गुडघ्यांवर बसून अंगण घासत होती. मी सांगितलं नव्हतं! हातातला ब्रश काढून घेतला, तर चिंधी घेऊन आली. ‘शाळेला उशीर होईल गं.’ ती घासतच राहिली. मान खाली.

१६ नोव्हेंबर
रोज तेच. अंगण, जिना, कोंबड्यांचं खुराडं. सोड्याने हात सोलले गेलेत. मलम लावायला गेले तर मुठी मिटल्या. समोरची उम्म ईद मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, ‘आई गेली की पोरीची मोलकरीण होते.’

काय सांगू तिला? मी अडवते म्हणून? कोण खरं मानेल. कधी कधी मलाच वाटतं, मीच तिला कामाला जुंपलंय.

३ जानेवारी
ओल्या फरशीवर बसून बसून सबरीनला ताप आला. औषध आजीने पाजलं, माझ्या हातून नको. ग्लानीत आजीला विचारत होती, ‘मी रडले नाही ना? एकदाही नाही ना?’
‘नाही हो माझी राणी.’
मी बाहेर येऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा.

२० फेब्रुवारी
बाई म्हणतात, वर्गात पेंगते. महरूस म्हणाला, ‘मग शाळा बंद. घरकाम तर झकास येतं तिला.’
‘अहो, काम बंद करा तिचं! शाळा कसली बंद करता?’
‘तुला फुकटात हाताखाली माणूस मिळालंय. तक्रार कसली करतेस?’
दप्तर सासूबाईंनी माळ्यावर टाकलं. सबरीन झाडत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

११ मार्च
काही नाही. खमसीन, वाळूचा गरम वारा, सुटलाय. सबरीन दिवसातून तीनदा झाडते.

२६ एप्रिल
स्थळ आलं. पोरीची कीर्ती उम्म ईदनेच पसरवली — सोशीक, कामसू, उलटून बोलत नाही. मुलगा एकोणतीस वर्षांचा, कुवेतला असतो. लग्न मशिदीतल्या शेखसमोर, सरकारी कागद ती अठराची झाली की. आत्ता तेरावंच चालू आहे. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. ‘बघ, अल्लाने ऐकलं पोरक्या पोरीचं.’

मी नको म्हटलं. महरूस म्हणाला, ‘लोक म्हणतात ते खरंच. सावत्र आईला पोरीचं भलं बघवत नाही.’

मला पंधराव्या वर्षी दिलं होतं. सोळाव्या वर्षी मेलेलं मूल झालं. आता पुन्हा होणार नाही, डॉक्टर म्हणाले, आणि त्या सासरच्यांनी माहेरी परत पाठवली. हे महरूसला माहीत आहे. म्हणून तर केली मला — दुसरं लेकरू नको होतं त्याला.

३ मे
आज सबरीन स्वयंपाकघरात आली, माझ्या शेजारी बसली आणि माझ्या पातेल्यातला भात खाल्ला. सगळा. मला रडू आलं. मग म्हणाली, ‘आता काही केलंस तरी चालेल. तो आलाय ना.’
‘अगं, तू पाहिलंस तरी का त्याला?’
‘गोष्टीतल्या मुलीने तरी कुठे पाहिला होता?’
मग माझ्याकडे पाठ करून बसली. केसांची वेणी घालून हवी होती. मान एवढीशी आहे तिची.

९ मे, भावाच्या घरी
मुलाच्या आईकडे गेले. म्हटलं, सबरीनला फेफरं येतं, घरच्यांनी लपवलंय. तिने अल्लाची शपथ घ्यायला लावली. मी घेतली. खोटी. संध्याकाळी नकार आला, माझं नाव सांगूनच. ‘आता हिला कोण करणार,’ सासूबाई म्हणाल्या, ‘जाऊ दे शाळेत.’ महरूसने मला तलाक दिला. मी निघाले तेव्हा सबरीन जिन्यात आडवी आली आणि ‘तूच मोडलंस!’ म्हणून जीव खाऊन माझ्यावर ओरडली. गल्ली गोळा झाली.
एवढा आवाज आहे पोरीला, मला माहीतच नव्हतं.