कारिटाची भाजी

१६ ऑक्टोबर २००३
रजा मिळाली! सुपरवायझर म्हणाला, "ऑर्डरच न्हाईत राव, जा, बायकोकडं दिवाळी कर." उद्याच निघतो.

तेजश्री गुहागरच्या पुढं समुद्राकाठी मास्तरीण, आणि मी सणसवाडीच्या या खोलीत. लग्न झाल्यापासून हेच. संध्याकाळी कुलूप काढायचं, स्टोव्ह पेटवायचा, एकट्यानं जेवायचं. हा काय संसार आहे?

आता मात्र मार्ग निघालाय. आमच्या गावच्या, न्हावऱ्याच्या शाळेतल्या एक बाई तिकडच्याच. त्यांना घरी जायचंय. दोघी हो म्हणाल्या की जागांची अदलाबदल, आणि मी न्हावऱ्याहून रोज कामाला! बाई तयार आहेत. तेजश्रीचं मात्र "दिवाळीनंतर सांगते" चाललंय. फोनवर म्हणे, "भात कापणीला आलंय, घरमालकीण काकी एकट्याच हायेत." काकींचं भात — आणि माझं काय?

हो म्हणवूनच परत यायचं.

१८ ऑक्टोबर
पोचलो. काय हा उकाडा! न्हावऱ्यात या दिवसांत पहाटे गोधडी लागते, इथं बनियनसुद्धा नकोसं होतं. घर बंद. तेजश्री शेतात! पिशवी घेऊन तसाच पडवीत बसून राहिलो.

१९ ऑक्टोबर
दिवसभर भातकापणी. मजा आली, खोटं कशाला लिहू. मऊ चिखल, ओल्या पेंढ्याचा वास, मधेच समुद्राकडून वारा. बाजरीच्या रानात वाढलेला मी, विळा काय नवा नाही. पण भाताचा पेंढा वेगळाच, हातातून निसटतो. निसटला आणि विळा पायावर बसला!

सगळे मला "बाईंचा नवरा" म्हणतात. नाव कुणीच विचारलं नाही.

२१ ऑक्टोबर
बदलीचं विचारलं. "दिवाळी तर होऊ द्या," म्हणाली.

२२ ऑक्टोबर
आज फजिती झाली. लिहायलाही लाज वाटते.

ओहोटी होती म्हणून तेजश्री आणि काकी तिसऱ्या काढायला गेल्या. वाळूत टाच फिरवली की शिंपला लागतो म्हणे. पायामुळे मी घरी. पडवीवरून दिसत होतं. साडी खोचून, गुडघाभर पाण्यात, तेजश्री वाडीतल्या बायकांबरोबर हसत होती. एवढी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. बरं वाटलं.

म्हटलं, आपणही काहीतरी करू. पडवीत सुपात हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची फळं होती. शेंदाडं! आमच्याकडं बाजरीत येतात तशी. चिरली, शेंगदाण्याचं कूट घातलं, चटणी घातली, झणझणीत भाजी केली. तेजश्री न्हावऱ्याच्या चवीला आसुसलेली असणार, असं माझंच मी धरून चाललो.

काकींनी पातेल्यात पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अवो पावण्यानू, ही कारीटा! ता खायाचा नसता, फोडायचा असता!"

नरकचतुर्दशीला फोडायला सगळ्या घरासाठी जमवलेली कारिटं मी शिजवली होती! एक घास खाऊन पाहिला. विषासारखा कडू. तेजश्री तोंडावर पदर धरून हसत सुटली. मग तिनंही एक घास खाल्ला. का, कोण जाणे.

२४ ऑक्टोबर
पहाटे उटणं, कढत पाणी, आंघोळ. सुपाखाली घरंगळलेलं एकच कारीट वाचलं होतं. तुळशीपुढं डाव्या पायाच्या अंगठ्यानं फोडायचं, "गोविंदा" म्हणायचं, रस जिभेला लावायचा.

"तुम्ही फोडा," तेजश्री म्हणाली. मी म्हणालो, तूच फोड.

तिनं फोडलं आणि "गोविंदाऽऽ!" अशी ओरडली की शेजारच्या तीन घरांनी ओ दिली! मी बघतच राहिलो. न्हावऱ्यात माझ्या वडिलांसमोर, आबांसमोर ती चुलीपलीकडं ऐकू जाईल एवढंसुद्धा बोलत नाही. दोन वर्षं झाली लग्नाला. बायकोचा आवाज केवढा आहे, हे मला आज कळलं.

मग नव्या भाताचे पोहे. दुधातले, ताकातले, गुळातले. सगळ्या वाडीत फिरून खाल्ले. ती पुढं, मी मागं.

२६ ऑक्टोबर
निघालो. स्टँडवर ती म्हणाली, "न्हावऱ्याच्या बाईंना दोन दिसांत सांगते." मान खाली. मी म्हणालो, "बरं." गाडी घाटाला लागेपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो, काय बघितलं ते आठवत नाही.

२७ ऑक्टोबर
खोली. कुलूप. स्टोव्ह. तिनं दिलेले पोहे आहेत, खाववत नाहीत. शेजारचे बिहारी भाऊ गावाला गेलेत. सगळी चाळ गप्प. हो म्हण गं, एकदाची हो म्हण!

२८ ऑक्टोबर
चाळीखालच्या रखमाजीच्या दुकानात तेजश्रीचा फोन आला. धावत गेलो.

"हो म्हणते उद्या. येते मी न्हावऱ्याला."

एवढी वाट पाहिली होती! रखमाजीला म्हणणार होतो, पेढे काढ. तेवढ्यात तिनं हळूच विचारलं. न्हावऱ्याच्या आवाजात, चुलीपुढच्या.

"तिकडं कारीट मिळतं का हो?"

मी म्हणालो, "न्हाई मिळत. नको म्हणून सांग बाईंना. तू तिथंच राहा."