अमोस टिलरी अजून तयार नाही

२ सप्टेंबर, सोमवार
आज व्हर्नने ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं. व्हर्न स्टोल्टे कॉलेजात माझ्यानंतर सहा वर्षांनी आला आणि अमेरिकन फुटबॉलच्या टीमचा मुख्य कोच झाला. तो विषय मी केव्हाच सोडून दिलाय. दार लावलं की त्याचा आवाज मऊ होतो. म्हणाला, लेन, अमोस तयार आहे का? सीझन संपला की लिहून दे. तू लिहिशील तसंच करीन.
अमोस टिलरी माझा सहायक. अठ्ठावीस वर्षांचा, मिसिसिपीचा, इथे तिसरं वर्ष. तयार म्हणजे कशासाठी, ते व्हर्नने नीट सांगितलं नाही. ऑफेन्स तर माझ्याकडे आहे. चेंडू आपल्या हातात असताना कुठला डाव खेळायचा हे एकवीस वर्षं मी ठरवतो. तेव्हा मधलीच कुठली तरी बढती असणार. जाता जाता व्हर्न म्हणाला, तूही पुढच्या वर्षी जरा हलकं घे, एप्रिलनंतर तुला उसंत मिळालेली नाही. एप्रिलमध्ये माझी बायको अर्लीन गेली. मी म्हटलं, मी उत्तम आहे.
संकल्प: अमोसवर निःपक्षपाती नजर. रोज पाचला उठून चालणं. अर्लीनचं कपाट रविवारपर्यंत रिकामं करणं.

७ सप्टेंबर, शनिवार
पहिला सामना. ३१–१० जिंकलो.
मी वर काचेच्या खोलीत बसून हेडसेटमधून डाव सांगतो. अमोस मैदानाच्या कडेला उभा राहून हातवारे करून तो कोल्बीला कळवतो. कोल्बी राश आमचा क्वार्टरबॅक, चेंडू आधी त्याच्या हातात येतो. थोडक्यात, अमोसचं काम पोस्टमनचं. टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार गेला, की तो वर माझ्या खिडकीकडे बोट करतो, मग सगळी पोरंही करतात. हे बरं आहे.
निरीक्षण: खेळाडूंना प्लीज म्हणतो. तयार नाही.

८ सप्टेंबर, रविवार
कपाट पुढच्या रविवारी.

११ सप्टेंबर, बुधवार
अमोस घरी आला. हा सलग तिसरा बुधवार. रोशेलने, म्हणजे त्याच्या बायकोने, दिलेलं चिकन-भाताचं भांडं हातात. हेतू उघड आहे. माझी डावांची वही बघायचीय. परीक्षा म्हणून वही टेबलावर उघडी ठेवली आणि दहा मिनिटं गॅरेजमध्ये जाऊन उभा राहिलो. परत आलो तर हा माझी आठवड्याची भांडी घासत होता. धूर्त आहे.
विचारलं, कोच, झोप लागते ना? म्हटलं, गाढ. खुर्चीत लागतेच. पलंगावर लागत नाही, पण तो गादीचा दोष.

२१ सप्टेंबर, शनिवार
जिंकलो. एक विचित्र गोष्ट. मी सांगितलं होतं मधून धाव, आणि झाला लांब पास. टचडाऊन. नंतर अमोसला जाब विचारला. म्हणाला, कोल्बीने ऐन वेळी बदलला असेल, कोच. कोल्बीला विचारलं. त्याने आधी अमोसकडे पाहिलं, मग म्हणाला, हो, मीच बदलला. एकोणीस वर्षांच्या पोराला एवढी समज आली ती कुणामुळे? तत्त्वतः डाव माझाच. कागदावर मी माझा डाव पेन्सिलीने लिहितो, तसा हाही लिहून ठेवला. मधून धाव.

५ ऑक्टोबर, शनिवार
अर्लीनचा वाढदिवस. जिंकलो, २४–२०.
तिसऱ्या क्वार्टरमध्ये लक्षात आलं की आपण बराच वेळ हेडसेटमध्ये एक शब्दही बोललो नाही. पार्किंगमध्ये एक निळी व्हॅन उभी होती, अर्लीनची होती तशीच. एक बाई मागचं दार उघडून काहीतरी शोधत होती. मी तिकडे बघत होतो. तेवढ्यात पोरं नव्वद यार्ड जाऊन टचडाऊन करून आली आणि माझ्याकडे बोटं करू लागली. मी हात हलवला.
टीमला मधूनमधून मोकळं सोडणं हेही एक तंत्र आहे. पुढच्या वर्षी यावर व्याख्यान द्यावं.

१२ ऑक्टोबर, शनिवार
सलग सहावा विजय. सामन्यानंतर अमोसने बाजूला घेऊन हळूच विचारलं, कोच, बेनी कोण? म्हटलं, का? म्हणाला, तुम्ही आज दोनदा सांगितलंत, चेंडू बेनीला द्या.
बेनी नोवाचेक २००९ साली पास होऊन गेला. आता लिंकन शहरात विमा विकतो, डोक्यावर केस नाहीत. मी म्हटलं, गंमत केली रे. अमोस हसला नाही.
निरीक्षण: विनोदबुद्धी शून्य. तयार नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार
मटाराचं सूप आणि मक्याचा पाव. अमोस आज बसलाच नाही. उभ्यानेच म्हणाला, कोच, स्पष्ट विचारू का? रोशेलला फेब्रुवारीत बाळ होणार. वर सरकायला इथे एकच जागा आहे. ती मिळाली तर इथेच घर बघू. नाहीतर तिच्या आईवडिलांजवळ, आर्कान्सात, एक कॉलेज मला विचारतंय. मला जायचं नाहीये. तुम्हाला काय वाटतं, मी तयार आहे का?
मी म्हटलं, मी अकरा वर्षं थांबलो होतो. घाई कशाची? तो म्हणाला, हो कोच. मग ओट्यावरचा गेलेला दिवा बदलला आणि गेला.
भावनिक दडपण आणायचा प्रयत्न असावा. मी बधलो नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार
कपाट उघडलं. हिवाळ्याचा कोट समोरच होता. बंद केलं. एवढ्या थंडीत कोट टाकून देणं व्यवहाराला धरून नाही. मार्चमध्ये बघू.

२ नोव्हेंबर, शनिवार
जिंकलो, पण दिवस खराब. सकाळी दुकानात रांगेत उभा होतो. पुढे एका खेळाडूचा बाप दुसऱ्याला सांगत होता, यंदा अमोसचे डाव काय आहेत, तोड नाही! दुसरा म्हणाला, आणि म्हातारा? तर पहिला म्हणाला, अरे, त्याला बिचाऱ्याला राहू दे ना वर, कुणाचं काय जातंय.
म्हातारा म्हणजे कोण ते कळलं नाही. व्हर्न असावा.
पण अमोसचे डाव! पोस्टमनलाच लोक पत्राचा लेखक समजू लागले तर स्पष्टीकरण करणं भाग आहे. संकल्प: शेवटच्या सामन्याला मी खाली उभा राहणार, हातवारे मीच करणार. अमोस वर बसेल. मग दिसेलच.

१३ नोव्हेंबर, बुधवार
अमोसला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, कोच, हा सामना नको. शेवटच्या वर्षातल्या आठ पोरांचा हा शेवटचा सामना आहे. वाटलं तर पुढच्या वर्षी सगळे सामने तुम्ही खाली उभे राहा. मी म्हटलं, का रे, घाबरलास? म्हणाला, हो.
बघा. स्वतःच कबूल करतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार
हरलो. ७–३४.
वारा होता.

१७ नोव्हेंबर, रविवार
वारा होताच. पण नीट लिहून ठेवलं पाहिजे.
कोल्बी दर डावाआधी माझ्या हातांकडे बघायचा आणि क्षणभर तसाच थांबायचा. मग मी सांगितलं तेच खेळायचा. एकदाही बदललं नाही त्याने. मधून धाव. मधून धाव. समोरच्यांना दुसऱ्या क्वार्टरपासूनच सगळं कळलं होतं, त्यांचा एक दांडगा तर डाव सुरू व्हायच्या आधीच माझ्याकडे बघून हसत होता. वरून हेडसेटमध्ये अमोस सांगत होता, कोच, डावीकडे मोकळं आहे. कोच, प्लीज, एकदा डावीकडे. मी हेडसेट काढून गळ्यात अडकवला.
संपल्यावर आठही पोरं बाकावर बसून राहिली. कोल्बी त्यांच्यातला नाही, त्याची अजून दोन वर्षं आहेत, पण रडत तोच होता. एकाला म्हणत होता, सॉरी यार, तुमचा शेवटचा होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, वारा होता, बेटा. तो म्हणाला, हो कोच.
ही पोरं हो कोच म्हणायला अमोसकडूनच शिकलीत.

१८ नोव्हेंबर, सोमवार
रिपोर्ट दिला. नक्कल ठेवतोय: 'अमोस टिलरी मेहनती व सभ्य आहे. मात्र निर्णायक सामन्यात दबावाखाली वरून परिणामकारक मार्गदर्शन करू शकला नाही. अजून तयार नाही. दोन वर्षांनी विचार व्हावा.'
चारदा वाचलं. भाषा संयमित आहे. हलकं वाटायला हवं होतं. रात्रीचे दोन वाजले, जागाच आहे. कॉफी कमी करणे.

२० नोव्हेंबर, बुधवार
अमोस आला. भांडं ठेवलं. रिपोर्टचं त्याने काढलं नाही, मीही काढलं नाही. टीव्हीवर थोडा वेळ हवामान बघितलं दोघांनी.

२८ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग
अमोस-रोशेलने जेवायला बोलावलं होतं. काम आहे म्हणून सांगितलं. मग खरंच काहीतरी करायला हवं म्हणून सीझनचे व्हिडिओ लावले आणि शेजारी माझे पेन्सिलीचे कागद ठेवले. आपल्या नऊ विजयांचा अभ्यास करावा म्हटलं.
अमोसचे हात व्हिडिओत स्पष्ट दिसतात. ते हातवारे मीच त्याला शिकवलेत, मला वाचता येतात. पहिला सामना पाहिला. जुळत होतं. दुसऱ्यात कागदावर एकच डाव मी सलग सात वेळा लिहिलाय. व्हिडिओत अमोस कानातलं ऐकतो, वर माझ्या खिडकीकडे बघतो, खाली बघतो. मग त्याचे हात भलतंच काहीतरी सांगतात.
त्यानंतर प्रत्येक सामन्यात तेच. बेनीच्या डावाला तो डोळे मिटून घेतो.
नऊ विजय, एकेचाळीस टचडाऊन. जुळवून पाहिले, पुन्हा जुळवून पाहिले. माझे पाच. चार पहिल्या सामन्यातले.
आणि प्रत्येक टचडाऊननंतर त्याचं बोट वर. एकेचाळीसच्या एकेचाळीस वेळा. एकदा एक पोरगा त्यालाच मिठी मारायला धावला, तर अमोसने त्याला धरून वळवलं आणि माझी खिडकी दाखवली.
व्हिडिओ बंद केले. टर्कीचं सँडविच केलं होतं. राहिलं.

२ डिसेंबर, सोमवार, सकाळी ८
व्हर्नच्या ऑफिसात गेलो. या वेळी दार मी लावलं. सगळं सांगितलं, कागद दाखवले. म्हटलं, तो रिपोर्ट फाड. तयार आहे तो. ऑफेन्स दे त्याला, माझं दे.
व्हर्न म्हणाला, तेच तर द्यायचं होतं, लेन. तुला कळलंच नव्हतं? मग म्हणाला, मला शंका होती. पण सामन्यात मी बचावाच्या पोरांत अडकलेला असतो. म्हणून अमोसला दोनदा समोर बसवून विचारलं, खरं सांग, डाव कोण सांगतं? दोन्ही वेळा म्हणाला, कोच कुबिक, म्हणजे तू. तिकडून तू लिहून दिलंस, तयार नाही. मी काय करायचं होतं?
मी म्हटलं, आत्ता बोलाव त्याला. व्हर्न म्हणाला, त्याने शुक्रवारी राजीनामा दिला. आर्कान्साला सही करून मोकळा झालाय, तिकडे पूर्ण ऑफेन्स त्याच्याकडे. आपल्याकडे कॅन्ससचा एकजण येतोय.
कॅन्ससचा कशासाठी, असं मी विचारलं. व्हर्न खिडकीबाहेर बघत म्हणाला, मी तुला सप्टेंबरमध्येच म्हटलं होतं ना, हलकं घे.

७ डिसेंबर, शनिवार
अमोसकडे सामान चढवायला मदतीला गेलो. वाक्य पाठ केलं होतं: अमोस, मी तुझ्यावर अन्याय केला, मला माफ कर. गाडीत सहा वेळा म्हणून बघितलं, सहाही वेळा जमलं.
रोशेल आधीच गाडीत बसली होती, पोटावर हात ठेवून. काच खाली केली नाही. अमोस गादी ट्रकला बांधत होता. मी दोरीचं दुसरं टोक धरलं. तोच आधी बोलला. म्हणाला, कोच, एक सांगायचं राहिलं. मी तुम्हाला फसवलं. दुसऱ्या सामन्यात तुम्ही तेच तेच सांगत होतात, मला वाटलं, एक-दोन आठवडे सांभाळू, मग तुम्ही सावराल. मग सांगायचं कसं तेच कळेना. माझंच चुकलं. हवं तर शिव्या घाला.
माझं वाक्य ओठांवर होतं. मी म्हटलं, गाठ सैल आहे.
त्याने गाठ पुन्हा मारली. हात पुढे केला. मी हातात हात दिला. ट्रक कोपऱ्यावर वळल्यावर वाक्य मोठ्याने म्हटलं. समोरच्या घरातली बाई कुत्रा घेऊन बाहेर आली होती. तिला वाटलं तिच्याशीच बोलतोय. म्हणाली, काय म्हणालात?

१२ डिसेंबर, गुरुवार, दुपारी ३
आर्कान्साच्या कॉलेजातून फोन. एक बाई. म्हणाल्या, मिस्टर टिलरींनी त्यांना ओळखणारी व्यक्ती म्हणून तुमचं नाव दिलंय, दोन मिनिटं आहेत का? मी म्हटलं, कितीही आहेत. उठून उभा राहिलो, शर्ट खोचला.
मग सांगितलं. एकेचाळीसपैकी छत्तीस त्याचे, हे सांगितलं. तो पोरांना प्लीज म्हणतो आणि पोरं त्याच्यासाठी भिंतीतून जातील, हे सांगितलं. बाई मध्ये काही म्हणत होत्या. म्हटलं, थांबा, अजून आहे. एका माणसाची बायको गेली, तो माणूस कामातून गेला, आणि ते त्या माणसाला कळू नये म्हणून यानं स्वतःचं नाव अख्खा सीझन दुसऱ्याला दिलं, हेही सांगितलं. तो माणूस मी, हेसुद्धा. म्हटलं, लिहून घ्या, अमोस टिलरी तयार आहे. सप्टेंबरपासून तयार होता. नाही असं लिहून देणारा मी आहे, आणि ते खोटं होतं.
 बाई फार हळू म्हणाल्या, सर, त्यांना आम्ही गेल्या महिन्यातच घेतलंय. हा फक्त फॉर्म पुरा करायचा फोन आहे. तुमच्या आडनावाचं स्पेलिंग तेवढं हवं होतं.
सांगितलं. के, यू, बी, आय, के.