जिन्यातला बारावा खेळाडू

२ मार्च
लेकीने बॅडमिंटनची सेमीफायनल जिंकली. अर्थात, मी हॉलमध्ये नव्हतो. मायलेकी उड्या मारत घरी आल्या. माझ्या वाटणीचं आइस्क्रीम येईपर्यंत वितळलं होतं. श्रेय मागितलं नाही. मोठी माणसं मागत नाहीत.

३ मार्च, दुपार, दुकान
चष्मे घ्यायला कोणी फिरकलं नाही. म्हणून भावी पिढीसाठी नोंद: मी मॅच बघायला बसलो की आपली माणसं हरतात. शोध मेहुण्याचा. टीमची पडझड चालू असताना तो म्हणाला, भाऊजी, तुम्ही जरा बाहेर उभे राहता का? राहिलो. जिंकलो!
तेव्हापासून ड्युटी चुकवलेली नाही. भालाफेकीचं सोनं लिफ्टमध्ये. फुटबॉल फायनलच्या पेनल्टी गच्चीवर. वर्ल्ड कपमधला सीमारेषेवरचा तो झेल साऱ्या जगाने डोळ्यांनी पाहिला, मी जिन्यात उभा राहून भिंतीतून ऐकला. जिन्यात सोबतीला कोणी नसतं. एकदा वॉचमन आला, म्हणाला, किल्ली हरवली का साहेब?

५ मार्च
लेकीचा गुडघा गेलाय. रविवारची फायनल शेवटची, मग खेळ बंद. म्हणाली, बाबा, या वेळी तरी ये. मी म्हटलं, बघू. तिने रॅकेटच्या बॅगेची चेन जोरात ओढली.

६ मार्च
ठरलं. जाणार म्हणजे जाणार. नवा शर्ट आणला. दुकानात टाळ्यांचा सराव केला. एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

७ मार्च
आधी टीव्हीवर सराव. त्या झेलाचा रिप्ले पाहिला. झेल सुटला नाही. शुभशकुन.
नंतर पाच मिनिटं लाइव्ह टेनिस. मला आवडलेला खेळाडू सेट हरला. लक्षण बरं नाही.

९ मार्च, रविवार, सकाळ
दोघी पुढे गेल्या. शर्ट घातला. कॉलर टोचतेय, पण निश्चय पक्का आहे.

हॉलच्या दाराशी
आत टाळ्या. बाहेर आलेला एक जण म्हणाला, पहिला गेम तिचाच. आता आत जाणं म्हणजे स्वतःच्या पोरीचा घात करणं. थांबतो.

पार्किंग
दुसरा गेम गेला. मी दाराला फारच चिकटून उभा होतो. चूक माझीच. मागे सरकलो.

गेटबाहेर, बस स्टॉप
इथे काहीच ऐकू येत नाही. म्हणजे जिंकतेय.

संध्याकाळ
हरली. मी बस स्टॉपवर असूनही हरली.
लंगडत बाहेर आली, तर समोर मी. म्हटलं, ट्रॅफिक होता. ती म्हणाली, असू दे बाबा, तुला माझा खेळ आवडत नाही, मला माहितेय. मग तिथेच सगळं सांगून टाकलं. लिफ्ट, गच्ची, जिना, सगळं. वाटलं, हसेल. हसली नाही. शांतपणे विचारलं, मग मी हरायचे तेव्हा तू कुठे असायचास?
जिन्यातच.
हा मुद्दा इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता.

१० मार्च
दुकान उघडलं नाही. मेहुण्याने मॅचचा व्हिडिओ पाठवलाय. घरात मी एकटा. दार लावलं, बसलो. दुसऱ्या गेमला सवयीने उठलो, दारापर्यंत गेलो, परत येऊन बसलो. शेवटपर्यंत पाहिली. काय खेळते पोरगी! मला कोणी सांगितलंच नाही. खरं तर प्रत्येक वेळी सांगायचे, मी स्कोअरच विचारायचो.
सर्व्हिसच्या आधी दर वेळी ती प्रेक्षकांत एकाच जागी बघते. तिथे ही बसलेली. शेजारच्या खुर्चीवर हिची पर्स.
संध्याकाळी हिला विचारलं, एवढी गर्दी, लोक मागे उभे, आणि खुर्चीवर पर्स कशाला ठेवली होतीस?
भाजी चिरता चिरता म्हणाली, तुमची जागा धरली होती. दर वेळी धरते.