अठरा हजारांत विजेची सायकल

२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. प्रकल्प मोठा असला की नोंद ठेवलेली बरी.
हिला बढती मिळाली. दवाखान्याच्या लॅबची इन्चार्ज. एक मेपासून सकाळची शिफ्ट, साडेसहाला हजर. पहिली बस सातची आणि अंतर अकरा किलोमीटर. हिने ओव्हरटाइम करकरून बेचाळीस हजार साठवलेत (हे मला आज कळतंय!) आणि परस्पर शोरूममध्ये जाऊन विजेवर चालणारी सायकल पसंत करून आली. किंमत बेचाळीस.
मला हसूच आलं. अगं, तुझा नवरा एस्टिमेट विभागातला सीनियर माणूस. लोकांच्या फुगवलेल्या एस्टिमेटांची हवा काढण्यात हयात गेली माझी. म्हटलं, घरीच बनवतो, अठरा हजारांत. जुनी सायकल माळ्यावर पडलीच आहे. उरलेल्या चोवीस हजारांत तुझा गुडघा मोठ्या डॉक्टरला दाखवू.
हिने शोरूमचं माहितीपत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाली, एक मेला हवी हं, नाहीतर ती जागा दुसरीला देतील, फार वर्षं वाट बघितलीय मी. एप्रिलच्या मध्यालाच देतो, म्हटलं. हिने सगळे पैसे माझ्या खात्यावर टाकले. विश्वास म्हणतात तो हा.

५ मार्च
सायकल खाली काढली. गंज आहे, पण वरवरचा. लोखंड जुनं म्हणजे अस्सल. एस्टिमेट तयार: मोटर, तिचा वेग सांभाळणारा कंट्रोलर, बॅटरी, किरकोळ. एकूण १७,६००. चारशे हाताशी राखून ठेवले. हिला वाचून दाखवलं. हिने विचारलं, किरकोळमध्ये काय काय येतं? बाळबोध प्रश्न. किरकोळ म्हणजे किरकोळ.

९ मार्च, रविवार
मोटर ऑनलाइन मागवली, मागच्या चाकातच बसवलेली असते ती. सात हजार. बॅटरीवाला लिथियमची घ्या म्हणून मागे लागला होता. हलकी असते म्हणे. सोळा हजार! मी साध्या तीन घेतल्या, साडेपाच हजारांत, तेही घासाघीस करून. शेवटी बॅटरीवाल्याने चहा पाजला. हरलेला माणूस चहा पाजतो.

१२ मार्च
पार्सल नाही.

१३ मार्च
पार्सल नाही. ऑफिसात मन लागेना. सारखं ट्रॅकिंग बघत होतो. दोनदा उठून पार्किंगमध्ये जाऊन आलो, कशाला ते मलाच कळलं नाही. एका कंत्राटदाराचं एस्टिमेट लाल शेरा मारून परत पाठवलं. लोकांना बजेट म्हणजे काय ते कळतच नाही.

१५ मार्च
मोटर आली. चाक सव्वीस इंची, सायकल अठ्ठावीस. ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोचतच नाहीत, हवेत चावतात. वेल्डर म्हणाला, टेन्शन घेऊ नका साहेब, ब्रेकच खाली आणू. चौदाशे घेतले आणि आणले. उत्साही माणूस, अगदी माझ्या स्वभावाचा. कशालाही नाही म्हणत नाही.

२० मार्च
ड्रिल, मल्टिमीटर, सोल्डरिंगचं सामान. सहा हजार दोनशे. पावती दोनदा वाचली. मग शांतपणे विचार केला. ड्रिल काय सायकलला जोडून फिरवणार आहे का? ड्रिल घरातच राहणार. उद्या भिंतीवर फळी लावायची तर हाच उपयोगी. म्हणजे खर्च सायकलचा नाहीच, घराचा. आमच्या ऑफिसात याला खर्चाचं हेड बदलणं म्हणतात. कच्चा माणूस खर्च वाढवून बसतो, मुरलेला माणूस तो हलवतो. सायकलचं बजेट शाबूत आहे.
(फळी कुठे लावायची, असं हिने विचारलं. बघू.)

२७ मार्च
कंट्रोलर जळाला. लालला लाल जोडायची हे मलाही कळतं, पण यांची लाल वायर धड लाल तरी असावी! केशरीच दिसत होती. धूर झाला. खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत वर आल्या, त्यांना वाटलं दूध करपलं. खरा प्रकार बघून म्हणाल्या, इथे माणसं राहतात हो.
दुसरा कंट्रोलर आणला, पुन्हा तीन हजार. जळालेला टाकला शिक्षण या हेडखाली. कॉलेजात पोरं लाखो उडवतात, मी तीन हजारांत शिकलो. काकूंच्या समाधानासाठी आग विझवायचा सिलिंडर, अठराशे. हेड सुरक्षा. तो सायकलला कसा लावणार?

४ एप्रिल
चालली!! जिन्यापासून गेटपर्यंत, पॅडल न मारता! ओरडलोच मी. काकू खिडकीत आल्या.
गेटपाशी कॅरिअर वाकलं आणि तिन्ही बॅटऱ्या खाली आल्या. दोन रस्त्यावर, एक माझ्या अंगठ्यावर.

५ एप्रिल
अंगठा काळानिळा. लंगडत बॅटरीवाल्याकडे गेलो. लिथियमची घेतली. त्याने चहा मागवला.
डॉक्टरच्या पैशांतून तात्पुरते उचललेत. गुडघा कुठे पळून जातोय?
रिक्षात विचार करत होतो. बॅटरी रोज काढून घरात आणायची, चार्ज करायची. जी वस्तू निम्मा वेळ घरात राहते ती घराचीच. जुन्या तीन लाइट गेल्यावर पंख्याला होतील, म्हणजे त्याही घराच्या. घरी येऊन आकडे मांडले तर काय! सायकल पडतेय फक्त अकरा हजार चारशेला. बजेटपेक्षा सहा हजार कमी! ऑफिसात असं काम कोणी केलं असतं तर सत्कार झाला असता. हिने विचारलं, किती झाले? अकरा हजार चारशे, म्हटलं. हिचा चेहरा खुलला. खोटं काहीच बोललो नाही.

१३ एप्रिल, रविवार
सायकल हिला दाखवायचा दिवस. पुसूनबिसून चकाचक केली. ही खाली आली, हँडल धरलं, हसली. मग उजवा पाय उचलला. सीटपासून हँडलपर्यंतचा तो आडवा दांडा असतो ना पुरुषांच्या सायकलला, त्यावरून पाय पलीकडे जाईना. गुडघा वाकतच नाही तेवढा. दुसऱ्या बाजूने बघितलं. कॅरिअरवरून बघितलं. शेवटी पाय खाली ठेवून म्हणाली, अहो, यावर मला चढताच येत नाहीये.
मी व्होल्ट मोजले, अँपिअर मोजले, गेटची रुंदी मोजली. आमच्या एस्टिमेटच्या नमुन्यात "बसणारी व्यक्ती" असा रकानाच नसतो. नमुन्याचा दोष आहे हा.
ही कठडा धरून एकेक पायरी वर गेली. मला राग आला. कोणाचा ते कळलं नाही, म्हणून काकूंच्या मांजराला हाकललं.

१५ एप्रिल
वेल्डर म्हणाला, दांडा कापून टाकू साहेब, दांड्याचं काय काम असतं? पटलं. कापला. बाराशे घेतले.

१६ एप्रिल
दांड्याचं काय काम असतं ते कळलं. मी बसलो आणि सायकल मधोमध खाली बसली. वेल्डर म्हणाला, असं पहिल्यांदाच बघितलं. त्याला मजा वाटली.

१९ एप्रिल
बिनदांड्याची सायकल विकत आणली. साडेसहा हजार. हेड आरोग्य. गुडघ्यासाठीच आहे ना ती! चाकं सव्वीस इंची, म्हणजे माझी मोटर त्यात नीट बसणार. बघा, कसं सगळं जुळून येतं. पैसे माझ्या पगारातून घातले, हिच्या पैशांना हात लावलेला नाही. (हिचे संपले आहेत.)

२२ एप्रिल
ही जेवताना म्हणाली, होणार नसेल तर आत्ताच सांगा, रागावणार नाही मी, पण मला दुसरं काहीतरी बघायला वेळ हवा. मला लागलं ते. होणार नाही म्हणजे? मी काय हौस म्हणून करतोय का? शनिवारी हातात ठेवतो, म्हटलं. ही बरं म्हणाली. ताट तसंच ठेवलं. उठून जरा नट आवळून आलो.

२६ एप्रिल, शनिवार
झाली नाही. ब्रेक, दिवा, किरकोळ, आणखी एकवीसशे.
त्यात मेव्हणा टपकला. हिचा धाकटा भाऊ, बँकेत असतो. कितीला पडली भावोजी, म्हणून विचारलं. मी त्याला हेडांची पद्धत समजावून सांगितली, म्हटलं शिकेल काहीतरी. घर, शिक्षण, सुरक्षा, आरोग्य, एकेक आकडा सांगत गेलो. तो मान डोलवत होता. मला काय माहीत, मेला टेबलाखाली मोबाइलवर बेरीज करत होता! त्रेपन्न हजार सातशे. त्याने मोबाइल हिच्यापुढे धरला.
सगळं एकत्र करून बेरीज मारायची, हा बँकवाल्यांचा रोगच आहे. त्याला काही दृष्टी लागत नाही.
ही भांडेल म्हणून मी तयारीत होतो. उत्तरंही ठरवली होती. ही उठली, दोरीवरचे कपडे काढून आणले आणि घड्या घालत बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

२९ एप्रिल
मोटरीचा आस नव्या सायकलच्या खाचेत बसत नाही. खाचेपेक्षा दोन मिलिमीटर जाड आहे. वेल्डर गावाला गेलाय. कानशीने खाच घासतोय. बोटं सोलली. पाच मिनिटं घासतो, लावून बघतो, पुन्हा काढतो. ऑफिसला दांडी.

३० एप्रिल
संध्याकाळी हात धुवायला आत गेलो तर पलंगावर हिची बॅग भरलेली. कुठे, विचारलं. दवाखान्याच्या मागे स्टाफच्या खोल्या आहेत, म्हणाली, एक रिकामी होती, मी तेवीस तारखेलाच अर्ज दिला होता. दोन दिवस थांब, म्हटलं, फक्त खाच राहिलीय. म्हणाली, अहो, उद्या साडेसहाला हजर व्हायचंय मला. आवाज चढवला नाही. पिठाचा डबा कुठे, गॅसचा नंबर कुठे लावायचा, सगळं नीट समजावून सांगितलं. लहान मुलाला सांगतात तसं.
मेव्हणा गाडी घेऊन आला. मी बॅग खाली नेऊन दिली. हात काळे होते, बॅगेला डाग पडला. राहू दे, म्हणाली.

४ मे, रविवार
ही आली. दिवसभर झोपली, संध्याकाळी परत गेली. सायकल दाखवता आली नाही, चाक काढलेलं होतं.

८ मे
घरात कोणाची कटकट नाही. खरं तर आता कामाला जोर यायला हवा. स्वयंपाकघरात जातो, कशाला आलो ते विसरतो, बाहेर येतो. पाना हातात घेतो, ठेवतो. ड्रिलने भिंतीत दोन भोकं पाडली. फळी आणायची राहिलीच. भात कच्चा झाला, तसाच खाल्ला.

११ मे, रविवार
तिचा फोन. दुसरी टेक्निशियन रजेवर आहे, यायला जमणार नाही. आवाज छान वाटला. मागे कोणीतरी हसत होतं.

१७ मे, शनिवार
झाली!!! खरोखर झाली. तासभर गल्लीत फिरवली. ब्रेक लागतात, दिवा लागतो, आवाज नाही. काकूसुद्धा म्हणाल्या, चांगली झाली हो. सीट तिच्या उंचीला लावली. मागच्या वेळची चूक नको म्हणून तिची चप्पल आणि जुनी सलवार समोर ठेवून माप घेतलं. उद्याही तिला ड्यूटी आहे म्हणे. मीच घेऊन जातो. सांगणार नाही. बघतच राहील.

१८ मे, रविवार
अकरा किलोमीटर, एकदाही पॅडल मारलं नाही.
दवाखान्याच्या गेटवर निरोप दिला. ती पांढऱ्या कोटात आली, भराभर चालत. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, लंगडत नव्हती. सायकलभोवती एक फेरी मारून म्हणाली, छान केलीत हो, मनापासून छान. मी म्हटलं, आता रोज घरी येता येईल तुला. तशी तिने हात कोटाच्या खिशात घातले. म्हणाली, खोलीतून लॅबमध्ये दोन मिनिटांत पोचते मी, बसचे धक्के नाहीत, घरचे जिने नाहीत, किती दिवसांत गुडघा दुखला नाहीये, खोली वर्षभरासाठी घेतलीय, सुट्टीला येत जाईन. जेवलात का, विचारलं. हो म्हटलं. जेवलो नव्हतो. रिपोर्ट अडकलेत म्हणून आत गेली. वळून हात केला.
मी बराच वेळ तिथेच उभा. वॉचमनने गाडी बाजूला घ्या म्हणून सांगितलं.
परतताना अर्ध्या वाटेत बॅटरी संपली. सीट तिच्या उंचीची, वर करायला पाना बरोबर नव्हता. पॅडल मारताना गुडघे हँडलला आपटत होते. उतरून ढकलत आणली. जड आहे.
जरा बसून बघते, एवढं तरी म्हणेल असं वाटलं होतं.