नाक शाबूत आहे

लालबाग, १० डिसेंबर २०२५

प्रिय सुशांत,

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, माफ कर. आकांक्षा रविवारची बॉक्सिंगची लढत हरली, एवढंच मालनने तुला जहाजावर कळवलं. आईच ती, पुढचं तिला सांगवत नाही, म्हणून मी लिहिते.

त्या क्रीमच्या जाहिरातीत झळकल्यापासून तुझी लेक दोन्ही हात तोंडासमोर धरूनच लढते. नाकाला, गालाला खूण नको. समोर वरळी कोळीवाड्याची दर्शना होती. तिच्या कोपऱ्यातून ओरडा झाला, "वर क्रीम लावलंय गो, खाली मार!" हॉल हसला. दर्शनाने खाली मारलं. डाव्या बरगड्यांवर, पुन्हा तिथेच, ओली गादी बडवल्यासारखा आवाज. आकांक्षाचे गुडघे वाकले, लाळ गळली, पण कोपरं खाली आली नाहीत. पंचांनी लढत थांबवली. ती हसत रिंगबाहेर आली आणि परळला टॅक्सीत पांढरीफटक होऊन कोसळली. बरगड्यांखालची प्लीहा फुटली होती. पोट रक्ताने भरलं होतं. ऑपरेशन करून ती काढावी लागली. आता जिवाला धोका नाही. शुद्धीवर येताच तिने विचारलं, "आत्या, नाकाला लागलं नाही ना?"

रेल्वेच्या खेळाडू भरतीची चाचणीही तिने सोडली होती. "नोकरी लागली की कॉलेज सुटणार, आणि क्रीमवाल्यांना कॉलेजचीच मुलगी पाहिजे." जाहिरातीच्या पैशांवरच तिची फी आणि खुराक चालतो, हे मी विसरत नाही. मग कंपनीला दोष देताना मी प्रामाणिक आहे का? कबड्डीत तुझं नाक दोनदा मोडलं, तेव्हा त्याला कोणी भाव विचारला नव्हता. रविवारी मीसुद्धा तिचं तोंडच बघत बसले होते.

काल कंपनीचा हितेंद्र फळं घेऊन आला. तिचा चेहरा न्याहाळून म्हणाला, "मार्चपर्यंत उभी राहील ना?" डॉक्टर म्हणतात, इतक्यात रिंगचं नावही नको. ती म्हणते, करार वाढवते, मार्चमध्ये लढते. ती सज्ञान आहे, सही तिचीच. पण त्याआधी उद्या संध्याकाळी ती तुला फोन करणार आहे, आणि ऐकलं तर तुझंच ऐकेल. फोन ठेवताना तू नेहमी म्हणतोस ना, "तोंड सांभाळ गो बाय"? उद्या तेवढं म्हणू नकोस. त्यासाठीच हे पत्र, फोटो काढून आत्ताच फोनवर पाठवते.

तुझीच,
मीनाताई

ता. क. उद्या हॉस्पिटलात येताना आणायला आकांक्षाने छोटा आरसा मागितलाय. मी मोठा नेणार, पोटावरचे टाके दिसतील एवढा.